खेळाडूंची नावे छापा : कार्लाइलच्या १९१२च्या संघाच्या निमित्ताने

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात आपल्या जिल्हा पुरवणीत आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धांची बातमी आली होती. उद्घाटन कोणी केले, नारळ कोणी फोडला, व्यासपीठावर कोण कोण होते, आभार कोणी मानले, ही सगळी नावे आडनावांसह आणि पदांसह छापली होती. खेळांबद्दल शेवटी दोन ओळी होत्या. मुलींच्या कबड्डीत अमुक आश्रमशाळेचा संघ पहिला, खो-खोत तमुक शाळेचा. तीन दिवस धुळीत खेळलेल्या मुलींपैकी एकीचेही नाव नव्हते. छायाचित्रात ढाल पाहुण्यांच्या हातात होती आणि मुली मागच्या रांगेत, मोठ्यांच्या खांद्यांमधून जेवढ्या दिसतील तेवढ्या.

एका जुन्या सहकाऱ्याने ते कात्रण मोबाइलवर पाठवले तेव्हा मी अमेरिकेत होतो, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मेकॅनिक्सबर्ग या गावी, मुलीकडे. आदल्याच दिवशी मी तिथून वीसेक मिनिटांवर असलेल्या कार्लाइलला जाऊन आलो होतो. तिथल्या एका शाळेच्या फुटबॉल संघाबद्दल मला लिहायचे आहे. पत्र लांबणार आहे, पण ते पूर्ण वाचावे अशी विनंती करतो.

मी एकतीस वर्षे सुरगाणा-पेठ भागातल्या आश्रमशाळांमध्ये क्रीडाशिक्षक होतो. पहाटे मुलांना पळायला न्यायचे, चुन्याची फक्की टाकून मैदान आखायचे, स्पर्धेच्या दिवसांत त्यांना ट्रकमध्ये किंवा एसटीत बसवून न्यायचे आणि रात्री मोजून परत आणायचे, हे माझे काम. जिम थॉर्प हे नाव मला बी.पी.एड.च्या वर्गापासून ठाऊक होते. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक मिळवणारा अमेरिकन आदिवासी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पैसे घेऊन बेसबॉल खेळला म्हणून १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेतली गेली. हौशी खेळाडू कोणाला म्हणावे, या प्रश्नाच्या उत्तरात आम्ही हे उदाहरण लिहायचो आणि दोन गुण मिळवायचो. तो ज्या शाळेतून ऑलिम्पिकला गेला ती कसली शाळा होती, हे आमच्या पुस्तकात कुठेच नव्हते.

ती शाळा कार्लाइलची. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने लष्कराच्या जुन्या बराकींत ती सुरू केली. ६ ऑक्टोबर १८७९च्या मध्यरात्री लकोटा जमातीच्या मुलामुलींची पहिली तुकडी रेल्वेने तिथे उतरली. पोचल्यावर त्यांचे केस कापले, अंगावरचे कपडे काढून गणवेश चढवले, मातृभाषेत बोलायला बंदी केली. मग नावे बदलली. फळ्यावर इंग्रजी नावे लिहून ठेवली होती. मुलाच्या हातात छडी द्यायची, त्याने एका नावावर ती टेकवायची, आणि ते त्याचे नाव. त्याला वाचता येत नसे, त्यामुळे आपण काय निवडले हेही कळत नसे. त्या पहिल्या तुकडीतला ओटा क्टे नावाचा मुलगा असाच ल्यूथर झाला. मोठेपणी ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने त्याने हे सगळे लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. माणसातला ‘इंडियन’ (म्हणजे अमेरिकन आदिवासी) मारायचा आणि माणूस वाचवायचा, असे प्रॅट १८९२च्या एका भाषणात उघडपणे म्हणाले होते. त्यांच्या मते ही दया होती.

कार्लाइल कॉलेज नव्हतेच. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, लोहारकाम, बेकरी, अशी ती उद्योगशाळा होती. पण तिचा फुटबॉल संघ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया या देशातल्या सर्वांत बड्या विद्यापीठांशी खेळत होता. हा फुटबॉल आपला नव्हे. लांबोळा चेंडू काखेत घेऊन पळायचे, समोरच्याने अंगावर येऊन पाडायचे. माझ्या मुलांना मी तो कबड्डीवरूनच समजावला असता. चढाई आणि पकड एकाच वेळी, अकरा विरुद्ध अकरा, आणि हूल द्यायला येत नसेल तर नुसत्या ताकदीचा उपयोग थोडा. १९१२ साली त्याचे नियम बदलले. दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार संधी मिळू लागल्या, मैदान शंभर यार्डांचे झाले, टचडाउनचे, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाण्याचे, पाचाऐवजी सहा गुण झाले.

या शाळेत फुटबॉल आला तो मुलांच्या हट्टाने. सुरुवातीला एका मुलाचा पाय मोडला आणि प्रॅट यांनी बाहेरच्या संघांशी खेळणे बंद केले. काही काळाने चाळीसेक मुले त्यांच्या कार्यालयात गेली आणि परवानगी मागू लागली. प्रॅट यांनी दोन अटी घातल्या. समोरच्याने ठोसा मारला तरी उलट मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या उत्तम संघाला हरवून दाखवायचे. पहिली अट वाचून मी थांबलो. कारण ती मीही घालत आलो. तालुक्याच्या गावी सामना असला की मुलांना सांगायचो, ते काहीही बोलोत, तुम्ही तोंड उघडायचे नाही. आपल्या मुलांनी एकदा हात उचलला की सगळी जमात बदनाम होते, हे मला माहीत होते. त्या चाळीस मुलांनाही ते माहीत असणार.

ही मुले वजनाने हलकी होती. म्हणून वेग, हूल आणि डोके यांवर त्यांचा खेळ उभा राहिला. ग्लेन वॉर्नर, ज्यांना सगळे पॉप वॉर्नर म्हणत, ते १८९९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले आणि मधली काही वर्षे सोडता १९१४ पर्यंत राहिले. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांच्या खेळाडूंनी चार्ली डिलन या सोबत्याच्या जर्सीच्या पाठीत चेंडू खुपसला. हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत राहिले आणि डिलन रिकामे हात हलवत थेट सीमेपलीकडे गेला. तो सामना कार्लाइल १२-११ असा हरले, पण आजही लोक तो आठवतात. चेंडू पुढे फेकायला १९०६ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्याच मोसमात कार्लाइलच्या मुलांनी त्याचा असा वापर केला की पेनसिल्व्हेनियाला २६-६ आणि हार्वर्डला २३-१५ असे हरवले. आज अमेरिकेत रविवारी टीव्हीवर जे लांब फेकीचे फुटबॉल दिसते, ते घडवणाऱ्यांत या मुलांचा वाटा मोठा आहे. माझा जावई दर आठवड्याला ते पाहतो. हे ऐकून तो चकित झाला.

आता १९१२चा मोसम. जुलैमध्ये थॉर्प स्टॉकहोमहून दोन सुवर्णपदके घेऊन आला. शाळेतला त्याचा सोबती लुई तेवानिमा हा होपी जमातीचा धावपटू १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आला. त्याच्याबद्दल पुढे लिहितो. सप्टेंबरात थॉर्प फुटबॉलच्या मैदानात संघनायक म्हणून उतरला. सोबत क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर चाली ठरवणारा, गस वेल्च, विस्कॉन्सिनचा ओजिब्वे जमातीचा मुलगा, माझ्या मते त्या संघाचा मेंदू. जो गायन हाही ओजिब्वे, मिनेसोटातल्या व्हाइट अर्थचा. शिवाय अ‍ॅलेक्स अर्कासा आणि स्टॅन्सिल पॉवेल.

२१ सप्टेंबर ते २८ नोव्हेंबर, म्हणजे दहा आठवड्यांत, चौदा सामने. सुरुवातीला आसपासची कॉलेजे : ऑलब्राइट ५०-७, लेबनन व्हॅली ४५-०, गावातलेच डिकिन्सन कॉलेज ३४-०, व्हिलानोव्हा ६५-०. वॉशिंग्टन अँड जेफरसनशी ०-० अशी बरोबरी. आदल्या वर्षी एका गुणाने हरवणाऱ्या सिराक्यूजला या वर्षी ३३-०. पिट्सबर्ग ४५-८. मग २६ ऑक्टोबरला, शनिवारी, जॉर्जटाउनशी ३४-२० आणि सोमवारी सीमा ओलांडून कॅनडात टोरांटो विद्यापीठाशी ४९-१. शनिवारी एका देशात सामना, रविवारी रेल्वेत, सोमवारी दुसऱ्या देशात सामना. मुलांना घेऊन रात्रभर प्रवास करून सकाळी मैदानात उतरवले आहे मी. पायांत गोळे येतात, पोट बिघडते, झोप नसते. त्यामुळे तो ४९ चा आकडा मला कुठल्याही मोठ्या विजयापेक्षा अधिक बोलका वाटतो. इतका प्रवास कशासाठी? मोठ्या शहरांत प्रेक्षक होते, प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसे होते. ते पैसे शाळेच्या क्रीडानिधीत जात आणि तो निधी प्रशिक्षक व अधीक्षक यांच्या हातात होता.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट. अमेरिकेची लष्करी अकादमी, म्हणजे भावी सेनाधिकाऱ्यांचा संघ. तिथल्याच लष्कराने २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे अडीचशेहून अधिक लकोटा माणसे मारली होती, त्यात बायका आणि मुले बरीच. त्या दिवसाला बावीस वर्षे पुरी व्हायची होती. मैदानावरच्या त्या अकरा मुलांपैकी कुणाला हे कोणी सांगायची गरज नव्हती. आर्मीच्या बाजूने एक आडदांड कॅडेट खेळत होता, ड्वाइट आयझेनहॉवर. पुढे तो दुसऱ्या महायुद्धात सेनापती झाला आणि नंतर राष्ट्राध्यक्ष. त्या दिवशी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना थॉर्पची पकड जमली नाही. सामना पूर्वार्धात चुरशीचा होता, उत्तरार्धात आर्मी कोसळली. जो गायनसमोर हतबल झालेला आर्मीचा कर्णधार डेव्होर त्याच्या अंगावर धावून गेला आणि पंचांनी त्याला बाहेर काढले. निकाल २७-६. अर्कासाने त्यातले तीन टचडाउन केले. लोक थॉर्पचाच सामना म्हणतात, म्हणून अर्कासाचे नाव इथे मुद्दाम लिहितो.

पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनियाकडून ३४-२६ अशी हार. मोसमातली एकमेव. मोठा सामना जिंकल्यानंतरचा आठवडा सर्वांत धोक्याचा असतो, हे कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा. मुले मनाने अजून आधीच्याच मैदानावर असतात. मग स्प्रिंगफिल्ड ३०-२४ आणि शेवटी थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दिवशी ब्राउन विद्यापीठ ३२-०. चौदापैकी बारा जिंकले, एक बरोबरीत, एक हरले. केलेले गुण ५०४, दिलेले ११४.

आणि देशातल्या सर्व आदिवासींना अमेरिकेचे नागरिकत्व देणारा कायदा झाला तो १९२४ मध्ये, म्हणजे या मोसमानंतर बारा वर्षांनी.

हे सगळे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत रकाने भरून आले. पण कसे आले? मुले टोळीने हल्ला करत, कवट्यांची कातडी सोलत, युद्धाच्या वाटेवर निघत. हार्वर्डच्या मुलाने डोके चालवले तर ती चतुराई, यांच्या मुलाने चालवले तर ती लबाडी. विजयाच्या बातमीतही माणसे दिसत नाहीत, नुसते ‘इंडियन’ दिसतात. पुढच्या वर्षी थॉर्पची पदके गेली तेव्हा वॉर्नर आणि अधीक्षक यांनी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे सांगितले. ते मला पटत नाही. मुले सुट्टीत कुठे जातात, काय करतात, हे निवासी शाळेच्या शिक्षकाला ठाऊक असते. पदके पुढे १९८३ मध्ये त्याच्या मुलांना प्रतिकृतींच्या रूपाने मिळाली आणि २०२२ मध्ये ऑलिम्पिक समितीने त्याला पुन्हा एकमेव विजेता म्हणून नोंदवले. थॉर्प १९५३ मध्येच गेला होता.

गस वेल्चने केलेले काम मात्र मला ऑलिम्पिक पदकाइतके मोठे वाटते. या मुलाने दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा करून शाळेच्या कारभाराची चौकशी मागितली. १९१४ मध्ये अमेरिकन संसदेची समिती कार्लाइलला आली. क्रीडानिधीचे पैसे कुठे गेले, मुलांना शिवीगाळ कशी होते, मारहाण कशी होते, जेवण कसे असते, हे मुलांनी समितीसमोर सांगितले. वेल्चने स्वतः वॉर्नरविरुद्ध साक्ष दिली. अधीक्षकांना जावे लागले, त्याच वर्षाअखेर वॉर्नरही गेले. १९१८ मध्ये शाळा बंद झाली. आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध समितीपुढे उभे राहायला विशी-बाविशीच्या मुलाला किती धैर्य लागत असेल, ते मला कळते, कारण मी अशा मुलांच्या समोरच्या खुर्चीत बसलो आहे.

आता तेवानिमाबद्दल. त्याला १९०७ मध्ये ॲरिझोनातल्या त्याच्या गावातून इतर होपी पुरुषांबरोबर सैनिकांच्या पहाऱ्यात कार्लाइलला आणले. सरकारी शाळेला विरोध करणाऱ्या गटातली ही माणसे. बंदी म्हणून आणलेला हा माणूस दुसऱ्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये नववा आला आणि १९१२ मध्ये १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकला. ऑलिम्पिकच्या या शर्यतीत त्याची कामगिरी बावन्न वर्षे कुठल्याही अमेरिकन धावपटूने मागे टाकली नाही. १९६४ मध्ये टोकियोत सुवर्णपदक जिंकून ती मागे टाकली बिली मिल्सने, तोही आदिवासी, लकोटा जमातीचा. तेवानिमा ऑलिम्पिकनंतर गावी परतला, मेंढ्या राखल्या, शेती केली. १०,००० मीटर म्हटले की आमच्या भागात लगेच कविता राऊतचे नाव निघते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची मुलगी, २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत याच अंतराचे कांस्यपदक. तिचे नाव महाराष्ट्राला माहीत झाले कारण ते छापले गेले. तिच्या आधी आणि नंतर डोंगरांतल्या वाटांवर तशाच धावणाऱ्या किती मुली मी पाहिल्या, त्यांची नावे माझ्या जुन्या वह्यांत आहेत, आपल्या पुरवण्यांत नाहीत.

कार्लाइलच्या बराकींत आता अमेरिकेचे युद्ध महाविद्यालय आहे. आत जायला परवाना लागतो. रस्त्याच्या बाजूला कुंपणाआड एक छोटे दफनभूमीचे आवार दिसते. पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा, लष्करी पद्धतीच्या. एके काळी पावणेदोनशेहून अधिक थडगी होती तिथे. क्षय आणि इतर आजारांनी गेलेली मुले. १९२७ मध्ये लष्कराने जुनी जागा हलवून ही रांग केली, तेव्हा कोण कुठे हा हिशेबही बिघडला. दगडांवर बहुतांशी शाळेने दिलेली नावे आहेत, त्यांची स्पेलिंगे चुकलेली, काही दगडांवर नुसते ‘अज्ञात’. २०१७ पासून जमातींच्या मागणीवरून ही मुले आपापल्या गावी परत नेली जात आहेत. २०२१ मध्ये नऊ लकोटा मुले दक्षिण डकोटात रोझबडला गेली, एकशे चाळीस वर्षांनी. मी गेलो त्या दिवशी कुंपणाशी कोणीतरी लहान मुलांची खेळणी आणि तंबाखूच्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या. मुलगी म्हणाली, “बाबा, चला, थंडी वाजते.” मी आणखी थोडा वेळ थांबलो.

गावातल्या डिकिन्सन कॉलेजने या शाळेची कागदपत्रे संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. मुलीने ती मला लावून दिली. प्रवेशाची कार्डे, वजन, उंची, जमात, आईवडील जिवंत आहेत की नाहीत, कुठल्या तारखेला आला, कुठल्या तारखेला पळून गेला. दोन रात्री मी तीच पाहत बसलो. ती कार्डे मला परकी वाटली नाहीत. तशी कार्डे मी भरली आहेत.

नीट सांगतो. आपली आश्रमशाळा म्हणजे कार्लाइल नव्हे. आपल्याकडे आईबाप स्वतः मुलांना आणून सोडतात, दिवाळीला आणि मे महिन्यात मुले घरी जातात, आमच्या शाळांतून शिकून मुले शिक्षक झाली, तलाठी झाली, डॉक्टर झाली. अनेक सहकाऱ्यांनी आपले आयुष्य तिथे घातले. तरीही माझ्या हातच्या रजिस्टरांत निम्म्याहून अधिक मुलांची जन्मतारीख एक जून आहे, कारण खरी विचारत बसायला आम्हाला सवड नव्हती. आणि नावे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी पहिलीच्या वर्गात एक मुलगा आला. त्याचे घरचे नाव जन्माच्या वारावरून पडले होते, कोकणा जमातीत पडते तसे. मुख्याध्यापक म्हणाले, असले नाव कुठे लिहिता, चांगले नाव लिहा. मी लिहिले. माझ्या वर्गमित्राचे नाव मला आठवले, तेच लिहिले. मुलाला विचारले नाही. बापाला विचारले नाही, तो दारातच उभा होता. तो मुलगा पुढे पाच हजार मीटर धावायचा. अनवाणी. विभागात पहिला आला, राज्यावर गेला, तिसरा आला. प्रमाणपत्र घेऊन मी त्याच्या पाड्यावर गेलो, पायी, ओढा ओलांडून. त्याच्या आईला प्रमाणपत्र मोठ्याने वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, हे कोणाचे?

तिला वाचता येत नव्हते म्हणून ती चुकली नाही. कागदावर खरोखरच दुसऱ्या कोणाचे नाव होते.

तो मुलगा आज चाळिशीत आहे, त्याची मुलगी आश्रमशाळेत शिकते. गेल्या महिन्यात परत आल्यावर मी त्याला फोन केला आणि ही चूक बोलून दाखवली. तो म्हणाला, सर, आता सगळ्या कागदांवर तेच आहे, बदलायला किती हेलपाटे पडतील. मग थोड्या वेळाने म्हणाला, घरी मात्र अजून जुनेच म्हणतात. त्याचे कुठलेच नाव मी या पत्रात लिहीत नाही. आधी एकदा त्याला न विचारता लिहिले होते.

म्हणून संपादक महोदय, माझी मागणी छोटी आहे. आश्रमशाळांच्या स्पर्धांचे निकाल छापताना खेळाडूंची नावे छापा. प्रकल्पाच्या कार्यालयातून येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकात ती नसतात, हे मला ठाऊक आहे. आपल्या वार्ताहराने एक फोन त्या संघाच्या क्रीडाशिक्षकाला करावा, तो तोंडपाठ सांगेल. नाव, गाव, पाडा. मुलगी आपले नाव जसे सांगेल तसे. वार्ताहराला ते ग्रामीण वाटले तरी सुधारू नये. पाहुण्यांपैकी दोन नावे कमी केली तर जागा होते. आणि ‘आदिवासी मुलांनी मैदान गाजवले’ असा मथळा देऊ नका. कार्लाइलबद्दलचे जुने मथळे मी वाचले आहेत. आकडा द्या, गुण द्या, शेवटच्या मिनिटाला निर्णायक पकड कोणी केली ते द्या, जसे तुम्ही शहरातल्या संघांबद्दल देता.

नोव्हेंबरच्या त्या कबड्डी संघाच्या शिक्षिकेशी मी बोललो. तिने बाराही मुलींना आणि त्यांच्या पालकांना विचारून यादी पाठवली. एकीने शाळेतल्या नावाआधी घरचे नाव लिहायला सांगितले आहे, तसेच लिहावे. संघनायिका उजव्या कोपऱ्यात खेळते आणि अंतिम सामन्यात तिने एकटीने पाच पकडी केल्या, हेही शिक्षिकेने सांगितले. यादी सोबत जोडली आहे. माझे नाव छापू नये, त्यावरून त्या मुलाचा शोध लागेल. जागा कमी पडली तर हे पत्र कापा, यादी कापू नका.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिक

सोबत : बारा खेळाडूंची यादी